चाकांवरचें घर आणि कोंकणचा किनारा

नाताळची सुटी जवळ आली, कीं लोणावळ्याच्या घराघरांतून यंदा कोठें जावयाचें हा प्रश्न निघतो. डोंगरावर राहणाऱ्यास समुद्राची ओढ असावी हें स्वाभाविकच आहे. पावसाळ्याचे चार महिने धुक्यांत आणि न वाळलेल्या कपड्यांच्या वासांत काढल्यावर घाटाखालचें तें स्वच्छ ऊन, ती विस्तीर्ण वाळू आणि त्या माडांच्या सावल्या कोणास नकोशा होतील? म्हणून आमच्या गांवचे लोक घाट उतरून खोपोलीस जातात, आणि तेथून कोणी पाली, माणगांव, म्हसळें या मार्गानें श्रीवर्धन-हरिहरेश्वरास, तर कोणी पेणवरून अलिबाग-मुरुडास पोंचतात. यांत नवें असें कांहीं नाहीं. नवें आहे तें वाहन. अलीकडे या रस्त्यांवर एक अशी गाडी दिसूं लागली आहे, कीं जिच्यांत निजावयास बिछाने आहेत, स्वयंपाकास शेगडी आहे, पाण्याची टांकी आहे, इतकेंच काय, पण शौचकूपही आहे. तिला कॅराव्हॅन किंवा कॅम्पर व्हॅन म्हणतात. आम्ही या लेखापुरती तिला घरगाडी म्हणूं. २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें या गाड्यांच्या पर्यटनासाठीं स्वतंत्र धोरण मंजूर केलें, आणि त्याच वर्षीं केरळ राज्यानेंही आपलें धोरण जाहीर केलें. आतां ही गाडी भाड्यानेंही मिळते. त्यामुळें ती केवळ श्रीमंतांची राहिली आहे असेंही नाहीं. चार कुटुंबांनीं वर्गणी काढली तर मध्यम स्थितीच्या गृहस्थासही तिचा अनुभव घेतां येतो.

या घरगाडीविषयीं आमचें एक मत बनलें आहे, आणि तें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें स्पष्टपणें मांडावें असें आम्हांस वाटतें. घरगाडीनें किनाऱ्याच्या वाळूवर मुक्काम करूं नये. तिनें गांवांत, कोणाच्या तरी अंगणांत, त्या घरच्या माणसांस विचारून व त्यांना योग्य तें भाडें देऊन उभें राहावें. आमचें म्हणणें एवढेंच आहे. परंतु तें वाटतें तितकें सोपें नाहीं, कारण ही गाडी ज्या गुणामुळें लोकांना आवडते, तो गुणच या म्हणण्याच्या आड येतो.

प्रथम तिच्या बाजूनें जें बोलण्यासारखें आहे, तें बोललें पाहिजे. ज्या घरांत गुडघेदुखीनें त्रस्त झालेली आजी आहे, पाळण्यांतलें मूल आहे, किंवा चाकांच्या खुर्चीवर बसणारा भाऊ आहे, त्या घराला आजवर समुद्र म्हणजे भिंतीवरच्या दिनदर्शिकेंतला समुद्र होता. जाणारे जात, आणि हीं माणसें घर राखीत मागें राहत. रस्त्यानें जातांना स्त्रियांची जी कुचंबणा होते तिच्याविषयीं सभ्य लोक लिहीत नाहींत. कदाचित् म्हणूनच ती अद्याप चालू राहिली आहे. घाट उतरल्यापासून समुद्र दिसेपर्यंत घोटभर पाणीही न पितां बसून राहणाऱ्या मातांना विचारा, म्हणजे घरगाडींतल्या त्या अरुंद कोठडीची खरी किंमत कळेल. आजीला वाटेंत आडवें होतां येतें, बाळाचें दूध तापवितां येतें, आणि औषधें थंड ठेवतां येतात. एवढ्याचसाठीं जरी कोणी ही गाडी घेतली, तरी आम्ही त्यास नांवें ठेवणार नाहीं.

शिवाय चाकांवर घर मांडणें ही कांहीं विलायतेहून आलेली नवी कल्पना नव्हे. घिसाड्यांचा संसार पिढ्यान् पिढ्या गाडींत बसून गांवोगांव फिरला आहे. आजही दिवाळी सरली, कीं बीड व अहिल्यानगर या जिल्ह्यांतलीं कुटुंबें ऊसतोडीसाठीं निघतात. बैलगाडींत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत भांडीं, पांघरुणें, कोंबड्या, एखादी शेळी, आणि त्या सर्वांच्या वर बसलेलीं मुलें, असा तो संसार कारखान्याच्या वाटेस लागतो. त्यांतल्या कित्येक मुलांची शाळा तेवढे महिने सुटते. त्यांच्या गाडीला कोणी घरगाडी म्हणत नाहीं, आणि तिच्यासाठीं निराळें धोरणही कोणी मागत नाहीं. सुटीसाठीं निघालेल्यांस लाज वाटावी म्हणून हें आम्ही सांगत नाहीं. पण एकाच ऋतूंत महाराष्ट्राच्या रस्त्यांवरून दोन प्रकारचीं फिरतीं घरें जातात, हें आमच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीस पडावें असें मात्र वाटतें.

केवळ हौसेखातर असें घर घेऊन निघालेला पहिला प्रसिद्ध गृहस्थ म्हणजे गॉर्डन स्टेबल्स. हा ब्रिटिश आरमारांतला निवृत्त शस्त्रवैद्य असून मुलांसाठीं साहसकथा लिहीत असे. त्यानें १८८५ सालीं ‘वाँडरर’ नांवाची दोन घोड्यांची गाडी मुद्दाम बांधवून घेतली, आणि ती इंग्लंडांतून थेट स्कॉटलंडापर्यंत नेली. गाडी इतकी अवजड होती, कीं तिच्यापुढें त्याचा नोकर तीनचाकी सायकलवर बसून जाई व समोरून येणाऱ्यांना सावध करी. श्रीवर्धनच्या किंवा आंजर्ल्याच्या आळींतून, दोन्ही बाजूंस जांभ्या दगडाचे गडगे असलेल्या वाटेनें, घरगाडी नेणाऱ्यानें हा सायकलवाला अवश्य आठवावा.

आतां आमच्या गांवाकडे पाहूं. लोणावळ्याच्या माणसास पाहुणा म्हणजे काय हें शिकविण्याची गरज नाहीं. जून ते सप्टेंबर या महिन्यांतला प्रत्येक शनिवार-रविवार तें शिकवीत असतो. चिक्कीच्या दुकानांवर, खाणावळींवर, लहानमोठ्या हॉटेलांवर आणि टॅक्सीवर ज्यांचा चरितार्थ चालतो असे आमचे पालक पुष्कळ आहेत. तेव्हां पाहुणे येऊंच नयेत असें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. पण पाहुण्यांतही दोन जाती आहेत. एक येतो, कोठें तरी उतरतो, चार माणसांशीं बोलतो, चार पैसे खर्च करतो आणि जातो. दुसरा आपलें खाणें, पिणें, गाणें सर्व मोटारींत घालून आणतो, रस्त्याच्या कडेस तें संपवितो, आणि रिकाम्या बाटल्या व ताटल्या तेवढ्या आम्हांस देऊन परत जातो. त्याला लोणावळ्याचें नांव ठाऊक असतें, धबधबे ठाऊक असतात. लोणावळ्याचा एकही मनुष्य ठाऊक नसतो.

या न-ओळखीची किंमत केव्हां केव्हां फार मोठी पडते. ३० जून २०२४ रोजीं भुशी धरणाच्या मागील बाजूस असलेल्या धबधब्यांत एकाच कुटुंबांतलीं पांच माणसें वाहून गेलीं. त्यांत लहान मुलें होतीं. १५ जून २०२५ रोजीं मावळांतच कुंडमळा येथें इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दी असतांना कोसळला, आणि चौघांचे प्राण गेले. गेलेल्यांस दोष देणें हें आमच्या मनांतही नाहीं. वर डोंगरांत पावसाचा जोर वाढला म्हणजे खालचें पाणी किती थोड्या वेळांत चढतें, कोणता साकव जुना झाला आहे, कोणत्या खडकावर शेवाळ आहे, या गोष्टी पाण्याकडे नुसतें पाहून कळत नाहींत. त्या तेथें राहणाऱ्या माणसाकडूनच कळतात. आणि सर्व सामान बरोबर घेऊन आलेल्या पाहुण्याची त्या माणसाशीं गांठच पडत नाहीं.

हें सर्व आम्ही यजमान म्हणून सोसतों. मग डिसेंबरांत आमचाच घाटावरचा परिवार खालीं उतरून पाहुणा होतो, तेव्हां तो कसा वागतो? आमच्या पाहण्यांत असें आलें आहे, कीं तोही आपलें तांदूळ, तेल, अंडीं येथूनच भरून नेतो, आणि गांवांतून न थांबतां थेट वाळूवर गाडी घालतो. लाटांचा आवाज ऐकत निजावें, सकाळीं दार उघडतांच समुद्र दिसावा, ही इच्छा वाईट नाहीं. मात्र वाळू म्हणजे रिकामी पडलेली जागा, ही समजूत अगदीं चुकीची आहे.

वाळू प्रथम समुद्राची आहे. दिवसांतून दोन वेळां तो ती परत घेतो. भरतीची वेळ दररोज सुमारें पन्नास मिनिटें पुढें सरकते, आणि ती काढण्याचें कोंकणांतलें गणित इतकें सुबक आहे, कीं तें आमच्या विद्यार्थ्यांनीं पाठच करावें. तिथीच्या आंकड्याची पाऊणपट करावी. येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारीं व पहांटे तीनच्या सुमारास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळीं व संध्याकाळीं सहाच्या आगेंमागें. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारीं आणि रात्रीं बारा वाजण्याच्या आधीं समुद्र कांठोकांठ भरणार. आणि पौर्णिमा-अमावास्येचें तें उधाण असल्यामुळें पाणी इतर दिवसांहून पुष्कळ वर चढणार. आतां पाहा. चांदण्यांत समुद्र पाहावा म्हणून मनुष्य पौर्णिमा धरून निघतो. तो किनाऱ्यास पोंचतो संध्याकाळीं पांच-साडेपांचला, तेव्हां ओहोटी संपत आलेली असते. समोर ओल्या, घट्ट वाळूचें मैदान दूरवर पसरलेलें दिसतें. त्यावर मोटार काय, आगगाडी चालेल असें वाटतें. तो गाडी पुढें नेतो, जेवतो, निजतो. मध्यरात्र होण्यापूर्वीं पाणी चाकांस लागतें, आणि चाकांखालची वाळू मऊ पडूं लागते. दोन-तीन टनांचें घर वाळूंत रुतलें, म्हणजे तें बाहेर काढावयास गांवचा ट्रॅक्टर बोलवावा लागतो. गांवांत ज्यांनीं कोणाशींही ओळख केली नव्हती त्यांची ट्रॅक्टरवाल्याशीं अशी मध्यरात्रीं ओळख होते, आणि ती स्वस्त पडत नाहीं. गोमंतकांत किनाऱ्यावर वाहन नेण्यास कायद्यानेंच मनाई आहे. आमच्या मतें ती योग्य आहे.

कोणी म्हणेल, कीं आम्ही तिथी पाहूं आणि भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूंत गाडी लावूं. तीच जागा दुसऱ्या एका पाहुण्यानें आधींच पसंत करून ठेवलेली आहे. हरिहरेश्वराजवळ बागमांडल्यास फेरीबोटींत बसून सावित्रीची खाडी ओलांडली, कीं पलीकडे वेसवी, पुढें बाणकोट, आणि मग नाना फडणविसांचें वेळास लागतें. या वेळासच्या किनाऱ्यावर नोव्हेंबर ते मार्च या काळांत ऑलिव्ह रिडले जातीचीं कांसवें रात्रीं पाण्याबाहेर येतात, आणि भरतीचें पाणी पोंचणार नाहीं अशा कोरड्या वाळूंत खड्डा करून शंभर-सव्वाशें अंडीं घालून परत जातात. पूर्वीं हीं अंडीं माणसें उकरून नेत, आणि माणसांतून उरलेलीं कोल्हीं-कुत्रीं खात. २००२ सालापासून चिपळूणच्या ‘सह्याद्रि निसर्ग मित्र’ या संस्थेनें गांवकऱ्यांस बरोबर घेऊन तीं राखण्याचें काम आरंभिलें. अंडीं कुंपणाच्या आंत हलवून पुरतात; पंचेचाळीस ते पंचावन्न दिवसांनीं पिल्लें बाहेर येतात, आणि त्यांना समुद्राकडे तोंड करून सोडण्यांत येतें. तो सोहळा पाहावयास लोक दुरून येतात व गांवकऱ्यांच्या घरींच उतरतात. जें मनुष्य काल अंडीं विकीत होतें, तेंच आज त्यांची राखण करतें. याहून मोठें यश आम्हांस ठाऊक नाहीं. पण सगळींच घरटीं राखणदारांस सांपडतात असें नाहीं. न सांपडलेल्या घरट्यावरून गाडीचें चाक गेलें, तर चालकाला धक्कासुद्धां जाणवणार नाहीं. शिवाय पिल्लें रात्रीं उजेडाच्या दिशेनें चालतात. निसर्गाच्या योजनेंत तो उजेड समुद्रावरच्या आकाशाचा असतो. वाळूवर उभ्या असलेल्या घरगाडीचा दिवा त्यांना उलट दिशेस ओढून नेतो.

आणि मैलापाणी? याविषयीं लिहावयास बरें वाटत नाहीं. पण ज्या गाडींत शौचकूप आहे, तिचा हौद कोठें तरी रिकामा करावाच लागतो. किनाऱ्यालगतच्या वाड्यांतल्या विहिरी उथळ असतात. पावसाचें गोडें पाणी वाळूंत मुरून खालच्या खाऱ्या पाण्यावर जणूं तरंगत राहतें, आणि तेंच माणसें पितात व तेंच माडा-सुपारीला शिंपतात. अशा जमिनींत ओतलेली घाण शेजारच्या विहिरींत पोंचावयास फार दिवस लागत नाहींत. रात्रीच्या अंधारांत हौद मोकळा करून पहांटे निघून जाणारास त्या विहिरीचें पाणी प्यावें लागत नाहीं, एवढाच काय तो फरक.

येथवर जें सांगितलें, तें हानि करूं नये या सदरांत मोडतें. आमचें खरें म्हणणें याच्या पुढचें आहे. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. श्रीवर्धन, दिवेआगर या भागांत सुपारीच्या आणि नारळाच्या बागा कांहीं तासांत आडव्या झाल्या. घरांचीं छपरें उडालीं, विजेचे खांब पडले. श्रीवर्धनची रोठा सुपारी नांवाजलेली. सुपारीचें रोप लावल्यापासून फळ धरावयास पांच-सात वर्षें लागतात, आणि माड तर वडिलांनीं लावावा व मुलांनीं त्याचें खावें असा. ज्याची वाडी गेली त्यानें तीं वर्षें काढावयाचीं कशीं? अनेकांनीं पडवीला दोन खोल्या काढल्या, आणि पाहुणा घरीं घेतला. त्या पाहुण्यास वाढलेल्या ताटावर मुलाची फी भरली गेली, नवीं रोपें लागलीं. आतां त्याच रस्त्यानें ज्या पाहुण्याला खोली नको, ताट नको, पाणीही नको, असा पाहुणा जाऊं लागला, तर त्याच्या गाडीची धूळ तेवढी गांवच्या वांट्यास येईल. घरगाडीचा मोठा गुण म्हणून सांगतात तो हा, कीं तिला कोणाची गरज लागत नाहीं. आमच्या मतें हाच तिचा दोष आहे. प्रवासांत माणसाला माणसाची गरज पडावी, यांतच प्रवासाचा पुष्कळसा अर्थ आहे.

आमचा मावळ तर या गोष्टीचा जुना साक्षी आहे. समुद्रावरच्या बंदरांतून देशावर चढणारी वाट दोन हजार वर्षांपूर्वींही याच डोंगरांतून जात होती. कार्ल्याच्या लेण्यांत ज्यांनीं खांब कोरविले त्यांच्या लेखांत यवनांचीं नांवें आहेत, आणि सोपाऱ्यासारख्या बंदराचेंही नांव आहे. म्हणजे किनाऱ्याकडचा माणूस येथें येऊन कांहीं तरी ठेवून गेला. नहपानाचा जांवई उषवदात यानें कार्ल्याच्या भिक्षूंना पावसाळ्याच्या निर्वाहासाठीं गांव दिल्याचा लेख तेथें आहे. त्याच उषवदाताचा नाशिकच्या लेण्यांतला लेख तर आमच्या प्रस्तुत विषयास फारच जवळचा आहे. त्यांत भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक या ठिकाणीं वाटसरूंसाठीं निवारे बांधल्याचें आणि डहाणूची नदी धरून सहा नद्यांवर फुकट नावा ठेवल्याचें नमूद आहे. किनाऱ्यानें जाणाऱ्यास खाड्या अडवितात आणि रात्र अडविते, या दोन अडचणी त्या काळच्या दात्यानें नेमक्या ओळखल्या होत्या. आमच्या शाळेसारख्या संस्थांचे पूर्वसूरीही याच किनाऱ्यावर प्रथम उतरले. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे लोक १८२३ सालीं बाणकोट व हर्णै या बाजूस आले. पुढें मराठी मुलुखांत मिशनरी मंडळी हिवाळ्यांत बैलगाडींत तंबू घालून गांवोगांव फिरत. तेंही एक प्रकारचें फिरतें घरच होतें. पण दूध, सर्पण, बैलांचा कडबा हें सर्व गांवांतूनच घ्यावें लागे, आणि तें घेतां घेतां भाषा शिकली जाई.

म्हणून आमची सूचना अशी आहे. शासनाच्या धोरणांत घरगाड्यांसाठीं स्वतंत्र तळ उभारण्याची कल्पना आहे. असे मोठे तळ बांधणारे भांडवलदार निघतीलच. आम्हांस त्याहून लहान गोष्ट हवी आहे. कोंकणांतल्या पुष्कळ घरांपुढें खळें असतें. भातझोडणी झाल्यावर तें शेणानें सारवून स्वच्छ ठेवलेलें असतें. वाट रुंद असेल त्या ठिकाणीं अशा खळ्याच्या कडेला एक किंवा दोन घरगाड्या सहज राहतील. घरवाल्यानें त्यांना पाण्याचा नळ, विजेची एक जोडणी आणि मैलापाणी सोडावयास पक्की टांकी द्यावी, आणि त्याचें उघड भाडें घ्यावें. पाहुण्यानें निदान एक वेळचें जेवण त्या घरीं घ्यावें. सकाळीं घावन, दुपारीं माशाचें कालवण किंवा बिरडें, आणि सोलकढी; हें गाडींतल्या शेगडीवर होणारें नव्हे. आजीला ओटीवर बसावयास मिळेल, आणि तिच्या वयाची एक दुसरी आजी बोलावयास मिळेल. समुद्र तेथून फार तर पांच-दहा मिनिटांच्या वाटेवर. भरती केव्हां, पोहण्यास कोठें जावें, कोठें मुळींच जाऊं नये, हें त्या घरचें शेंबडें पोरही सांगेल. हें सांगणारें पोर आम्हांस किनाऱ्यावरच्या कोणत्याही पाटीपेक्षां अधिक भरवशाचें वाटतें.

यावर दोन आक्षेप आमच्या कानांवर आले आहेत. पहिला असा, कीं मोकळेपणासाठींच गाडी घ्यावयाची, आणि पुन्हा कोणाच्या तरी अंगणांत त्याच्या शिस्तीनें राहावयाचें, तर मग गाडी कशाला? त्यास उत्तर हें, कीं निजण्याचा, उठण्याचा, आंघोळीचा मोकळेपणा कोणी काढून घेत नाहीं. फक्त दुसऱ्याच्या दारांत राहण्याची मर्यादा येते, आणि ती मर्यादा मुलांना लहानपणींच कळलेली बरी. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. सुटीच्या दिवसांत कांहीं घरवाले मनाला येईल तें भाडें सांगतील. सांगतील, आमच्या गांवांत असें कधींच होत नाहीं असें आम्ही छातीवर हात ठेवून म्हणूं शकत नाहीं. ग्रामपंचायतीनें दर ठरवून ते वेशीवर लावावे, यापलीकडे दुसरा उपाय आम्हांस सुचत नाहीं.

खाड्यांविषयीं एक शब्द. रेवसपासून रेड्डीपर्यंतच्या सागरी महामार्गावर खाडीपूल बांधण्याचें काम हातीं घेण्यांत आलें आहे. पूल हवेतच, आजारी मनुष्यास रात्रीं फेरीबोट मिळत नाहीं. पण आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे या फेरीबोटी जोंवर आहेत, तोंवर त्यांच्या धक्क्यावर जो अर्धा-पाऊण तास खोळंबा होतो त्याला कोणी कंटाळूं नये. कोळणीची टोपली, शाळेंतून परतणारीं मुलें, एस. टी.चा चालक आणि आपण, सर्व एकाच फळीवर उभे असतों. घरगाडीच्या माणसांना सबंध प्रवासांत सक्तीनें खालीं उतरविणारी एवढीच एक जागा आहे.

राहतां राहिली आमची स्वतःची गोष्ट. आज आम्ही श्रीवर्धनच्या बागाईतदाराकडे अंगण मागत आहों. उद्यां श्रावणांत तोच बागाईतदार आपल्या मुलाबाळांस धबधबे दाखवावयास घाट चढून वर आला, तर त्याची गाडी कोणाच्या अंगणांत उभी राहील? आमच्या गांवांत बंगल्यांना तोटा नाहीं. त्यांतले कित्येक वर्षांतले बहुतेक दिवस कुलपांत असतात, आणि फाटकासमोर वाहन उभें करूं नये अशी पाटी मात्र बारा महिने असते. आंत दोन गाड्या राहतील एवढी जागा ज्यांच्या घरापुढें आहे, असे आमच्या पालकांतही पुष्कळ आहेत. वलवण, तुंगार्ली, भांगरवाडी या भागांतल्या दहा घरांनीं जरी एकेक गाडी घ्यावयाचें मनावर घेतलें, तरी आरंभ होईल. नळ व टांकी यांचा खर्च एका पावसाळ्यांत वसूल व्हावयास हरकत नाहीं. पुढच्या पालकसभेंत हा विषय निघावा अशी आमची इच्छा आहे. तो चहा येण्यापूर्वीं निघाला, तर अधिक बरें.